दोन्ही टोकांसकट

११ जानेवारी

वहिनी, साष्टांग नमस्कार.

अक्षर ओळखलंत ना? मग मी जिवंत आहे हेही कळलं. पत्र कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंच्या पत्त्यावर पाठवते आहे. त्या उशीच्या अभ्र्यात घालून तुमच्या हातात देतील. फोन मुद्दामच करत नाही. तुमचा दीर तुमचा फोन येता-जाता उचलून बघतो, हे मी विसरलेले नाही.

गाव कोणतं ते पोस्टाच्या शिक्क्यावरून कळेलच. गाव तुमच्यापासून लपवत नाही, घर मात्र लपवते आहे. रागावू नका. तुम्हाला ठाऊकच नसेल तर तो तुमच्याकडून काढून घेऊ शकणार नाही. उत्तर इथल्या मोठ्या पोस्टात माझ्या माहेरच्या नावाने पाठवा, ती माणसं राखून ठेवतात.

एका आजीबाईंच्या घरात वरची खोली मिळाली. नवऱ्याला सोडून आलेल्या बाईला आपण खोली देत नाही, असं त्या पहिल्या भेटीतच तोंडावर म्हणाल्या. मग मी विधवा आहे म्हटलं. इतकं सहज निघालं वहिनी, की मला हसू आवरेना. तोंडावर हात धरला तर त्यांना वाटलं मला रडू फुटलं. खोली दिलीच, वर एक रजाई दिली.

काम रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं आणि रक्त काढून आणायचं. दिवसभर पायपीट. त्याने दारात चेंगरली ती करंगळी अजून वळत नाही. तुम्ही पेन्सिलीचा तुकडा बांधून जशी सरळ ठेवलीत तशीच राहिली आहे. पण सुई धरायला करंगळी लागतेच कुठे?

त्या दिवशी मागच्या दाराची कडी तुम्ही काढून ठेवली होतीत. त्या घरात मला मिळालेलं तेवढंच काय ते माझं.

तुमची धाकटी


२ फेब्रुवारी

धाकटे, अनेक आशीर्वाद.

शिंपीणबाई अभ्रे घेऊन आली तेव्हा मी तिच्याशी भांडायलाच उठले होते, मी कधी टाकले शिवायला म्हणून. तिने डोळे वटारले तेव्हा ट्यूब पेटली. पत्र न्हाणीघरात वाचलं. वाचून झाल्यावर नळ तसाच वाहू दिला, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

इथलं काय सांगू? तू औषधपाण्यासाठी माहेरी गेली आहेस, असं भाऊजी शेजारीपाजारी सांगतात. तुझ्या भावाकडेही जाऊन बसतात, आणि तो त्यांचीच री ओढतो. जेवायला इथेच असतात. माझ्या हातचं खातात आणि मलाच नावं ठेवतात.

सासूबाई पडल्यापासून उठलेल्या नाहीत. दर थोड्या वेळाने कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. तोंड मात्र ठणठणीत आहे. डाव्या कुशीवर ठेवलं तर उजवी हवी, उजवीवर ठेवलं तर मी मुद्दाम भिंतीकडे तोंड करून ठेवलं. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून मला महिने झाले. बसल्या जागी कॉम्प्युटरवर टंकायची कामं घेते, तेवढाच विरंगुळा.

यांना धरणाच्या कामावर दोन खोल्यांचं क्वार्टर मिळतंय. लिहितात, खिडकीतून पाणी दिसतं, तू ये. मी कळवलं, मला यायला जमणार नाही, खिडकीच पाठवून द्या.

तू तिथे कुठून चालतेस, कुठे वळतेस, सगळं लिहीत जा. तू चाल, मी इथे बसून बघते.

वहिनी


६ मार्च

वहिनी, सा. न.

तुम्ही म्हणालात ना, कुठून चालतेस ते लिही? तर ऐका, त्यावरूनच माझं एक महाभारत सुरू झालंय.

इंटरनेटवर एक नकाशा आहे. कुठल्या कंपनीचा नाही, जगभरच्या हौशी माणसांनी मिळून काढलेला. ज्याला जो रस्ता ठाऊक, तो त्याने काढायचा. आमच्या लॅबमध्ये तोच वापरतात. आणि मी रोज ज्या बोळांतून जाते त्यातले निम्मे त्यात नाहीतच! नवीन आलेली मुलगी पत्ता शोधत उन्हात फिरत बसते आणि रक्त तिकडे नासतं. म्हणून मी काढायला लागले. तिथे सगळे टोपणनावाने वावरतात. माझं नाव मुंगी.

रेघ काढली की लगेच पक्की होत नाही. आधी तपासनीस बघतात. तेही आपल्यासारखेच बिनपगारी, पण जुने आणि मुरलेले. त्यांचा होकार आला की रेघ पक्की, नाहीतर पुसली. आमच्या गावाचा तपासनीस आहे ओळंबा. गवंडी भिंतीवर सोडतात तो, शिशाचा. माणूसही तसलाच, सरळ आणि जड. महिन्याभरापूर्वी उगवला. त्याआधी हे गाव कुणी तपासतच नव्हतं, सुखात होतो.

मी अकरा बोळ काढले, त्याने नऊ पुसले. काय तर म्हणे, उपग्रहाच्या फोटोत दिसत नाहीत. अहो, वरून दुकानदारांनी पत्रे घातलेत! आभाळातून पत्रेच दिसणार, पत्र्यांखालून चालणारी मी कशी दिसणार? प्रत्येक शेऱ्याखाली याचं पालुपद ठरलेलं: 'जागेवर जे नाही ते नकाशावर नाही.'

मीही खाली लिहिलं: 'बोळ जागेवर आहे, महाराज. जागेवर तुम्ही नाही.'

सगळ्यांना दिसतं ते. पंधरावीस जणांनी हसण्याचे शिक्के मारले. वहिनी, मी किती दिवसांनी कुणाला तरी उलट बोलले, आणि त्यावर कुणी दार आपटलं नाही.

धाकटी


२७ मार्च

धाकटे, आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मुंगी म्हणे! नाव शोभतंय हो. बारीक आहेस आणि चावतेस.

पण खरं सांगू? तुझा तो ओळंबा कामाला पक्का दिसतो. उद्या कुणीही उठून मनाला येईल ती रेघ ओढायला लागला तर नकाशा कसला, रांगोळीच व्हायची. तो बिचारा फुकटात डोळे फोडून घेतो आणि तू चारचौघांत त्याला महाराज म्हणतेस. पंधरावीस माणसं हसली म्हणून लिहितेस. त्याला कसं वाटलं असेल, हे नाही आलं तुझ्या मनात? मला आपलं उगीच वाटलं. घरात बसून बसून माझी अशी सगळ्यांची बाजू घ्यायची सवय झाली आहे.

भांडण्यापेक्षा पुरावा दे की. काहीतरी असेलच पुरावा द्यायची रीत.

सासूबाईंनी काल पेजेची वाटी भिरकावली. भिंतीवर डाग पडलाय. भाऊजी म्हणाले, वहिनी, भिंत पुसून घ्या. आईला लागलं का, मला लागलं का, काही नाही. भिंत.

वहिनी


२० एप्रिल

वहिनी, सा. न.

तुमचा सल्ला लागू पडला! पुरावा द्यायची रीत आहे. फोन खिशात ठेवून चालायचं, फोन तुमचा माग काढत जातो. तो माग नकाशावर चढवायचा. त्यावर ओळंब्याच्या बापालाही नाही म्हणता येत नाही. असे मी सात बोळ पक्के करून घेतले.

फक्त एक काळजी घ्यायची, आणि ती इथले सगळेच घेतात. माग चढवण्याआधी दोन्ही टोकं कापायची. कारण माग सुरू होतो तो आपल्या दारापासून आणि संपतोही तिथेच. न कापता चढवला तर घराचा पत्ता चव्हाट्यावर. मी तर भरपूर कापते. चार गल्ल्या इकडून, चार तिकडून.

ओळंबा मात्र हरल्यावर जास्तच चेकाळलाय. रेघ दोन हात वाकडी आहे, बोळाचा जिना पायऱ्या म्हणून दाखवला नाही, असलं काहीतरी रोज. मी त्याचं चित्र मनात पुरतं उतरवलंय, सांगू? घरात त्याला कुणी हिंग लावून विचारत नाही. दिवसभर हुकूम झेलतो. ताटातलं थंड झालेलं शेवटी जेवतो. बाहेर कुणी बोलवत नाही आणि बोलावलं तरी जायची हिंमत नाही. मग संध्याकाळी कॉम्प्युटर लावतो आणि जी माणसं खरोखरची चालतात त्यांच्या पायाखालचे रस्ते पुसत बसतो. तेवढीच सत्ता. मी हे असंच्या असं तिथे लिहिलं. काय टाळ्या पडल्या वहिनी!

तुम्ही असतात तर पोट धरधरून हसला असतात.

धाकटी


९ मे

धाकटे,

हसले.

सासूबाईंच्या पाठीला जखम झाली. डॉक्टरबाई मला बोलली, कूस वेळेवर बदलली जात नाही म्हणून. भाऊजी शेजारी उभे होते, मान हलवत होते.

यांचं पत्र आलं. क्वार्टर एकट्या माणसाला देत नाहीत. जुलै उजाडेपर्यंत बायको राहायला आली नाही तर खोल्या दुसऱ्याला जातील. यांनी चिडून लिहिलं नाही, नुसतं कळवलं आहे. तेच जास्त लागलं. लग्नाला अठरा वर्षं झाली, आम्ही दोघं एका घरात सलग सहा महिने कधी राहिलो नाही.

तू गेलीस आणि दोघींचं काम एकीवर आलं. हे मी तुला कधी लिहिलं नव्हतं. आज लिहून गेले. मनावर घेऊ नकोस.

वहिनी


२५ मे

वहिनी, सा. न.

तुमचं पत्र वाचलं. कडी काढणाऱ्या तुम्ही आणि ओझंही तुमच्याच पाठीवर. मी काय करू सांगा. बाई ठेवा म्हणावं त्याला. त्याच्या आईची पाठ आहे, कधीतरी त्याचेही हात लागू देत. मला मात्र परत ये म्हणू नका. एवढं एकच म्हणू नका. बाकी मागाल ते देईन.

इथे माझ्यावरही बालंट आलंय. मी शेवटचा एक बोळ काढला होता. पत्र्यांखालून जातो, पाण्याच्या टाकीला वळसा घालतो आणि आमच्याच घराशी संपतो. माझा रोजचा. ओळंब्याने नेमका तोच धरला. पुरावा द्या म्हणाला. माग दिला तर म्हणतो, कापलेला आहे, बोळ जिथे असायला हवा तिथेच नेमका माग नाही. खरंच आहे ते, मीच कापलाय ना! मी लिहिलं, घर जवळ आहे, समजून घ्या. त्यावर त्याने लिहिलं ते उतरवून पाठवते:

'मुंगी यांनी दोन्ही टोकांसकट, न कापलेला माग तीन आठवड्यांत द्यावा. अन्यथा हा बोळ मनाने काढला आहे असे समजण्यात येईल. एक बोळ खोटा निघाल्यास आजवर काढलेले सर्व रस्ते पुसण्यात येतील आणि खाते बंद होईल.'

सर्व म्हणजे त्रेसष्ट. वहिनी, लॅबच्या सगळ्या मुली आता त्याच बोळांतून जातात. एका आजोबांना मी दाखवलं, हा बघा तुमच्या दारापर्यंतचा रस्ता, तर त्यांनी चष्मा काढून पडद्याला नाक लावलं. आधी टाळ्या वाजवणारे आता गप्प आहेत. एकाने तर विचारलं, बोळ खरा असेल तर लपवता काय?

माझ्या नावावर आजवर काही नव्हतं. हे आहे. काय करू ते तुम्ही सांगाल तसं.

धाकटी


२ जून

धाकटे, आशीर्वाद.

रडतेस काय अशी? दे फेकून तो माग त्याच्या तोंडावर.

विचार कर. मुंगी म्हणजे तू, हे कुणाला माहीत आहे? मला. बस. भाऊजींना फोनवर साधं बटण शोधायला मला हाक मारावी लागते, ते काय नकाशे धुंडाळणार आहेत? जगातल्या हजार वेड्यांना कळेल की मुंगी नावाची कुणीतरी अमुक जिन्याने वर जाते. जाईना का! तुझं बोळाचं म्हणणं खरं ठरेल आणि ओळंब्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

इतकी वर्षं तू भिऊन काढलीस. गाव बदललं, काम मिळालं, तरी टोकं कापतेच आहेस. किती दिवस कापणार?

थोरली म्हणून सांगते. दे.

वहिनी


११ जून

वहिनी!

दिला. काल कामावरून आले, माग कापणार होते, आणि तुमचं वाक्य आठवलं. किती दिवस कापणार? तसाच चढवला. आमच्या हिरव्या जिन्याच्या खालच्या पायरीपासून सुरू, आणि दिवसभर गावभर फिरून परत त्याच पायरीवर. एवढी लांब रेघ मी पहिल्यांदाच अख्खी बघितली. इतकी चालते मी? माझं मलाच कौतुक वाटलं.

ओळंब्याने अजून शेरा दिलेला नाही. जिरली असेल.

आता तुमच्यापासून घर लपवण्यात काय अर्थ? सगळ्या जगाला सांगून बसले आहे. दादांकडे धरणावर जाल तेव्हा वाट वाकडी करून एक दिवस माझ्याकडे या. जिना हिरवा आहे, तिसरी पायरी हलते, तेवढी सांभाळा. आजीबाईंना माझी थोरली जाऊ म्हणून सांगेन. विधवेला जाऊ असायला काही हरकत नाही ना?

वाट बघते.

तुमची धाकटी


१९ जुलै

धाकटे,

भाऊजी तुला परत घेऊन आले, तू उंबऱ्याच्या आत आलीस तेव्हा माझी बॅग भरून तयार होती. समोरासमोर बोलणं झालं नाही. तू माझ्याकडे बघितलंस, मी सासूबाईंच्या औषधांच्या बाटल्या तुला दाखवल्या, रिक्षा आली. म्हणून आता लिहिते.

आतापर्यंत तुला कळलंच असेल. कॉम्प्युटरवर मी टंकायची कामं घेत नव्हते. गेली सहा वर्षं मी नकाशे तपासते. घरात मला कधी कुणी विचारलं नाही काय करतेस, म्हणून कधी सांगितलं नाही. तूही विचारलं नव्हतंस.

एक ऐक आणि खरं मान. तुझं गाव मी मागून घेतलं होतं. तुझं पहिलं पत्र आलं, त्यावर शिक्का बघितला, आणि नकाशाच्या मंडळींना कळवलं, हे गाव मला द्या. तू जिथे फिरतेस ते बघत बसावं, एवढीच हौस होती. तुझे बोळ पुसले तेव्हा मुंगी कोण ते मला ठाऊक नव्हतं. खरोखर दिसत नव्हते म्हणून पुसले. तुझं मार्चचं पत्र वाचून मी न्हाणीघरात एकटीच हसले होते. पुढच्या पत्रात सांगणारही होते की अगं वेडे, मीच तो ओळंबा.

मग तू ते लिहिलंस. थंड झालेलं शेवटी जेवतो. बाहेर कुणी बोलवत नाही. माझं इतकं नेमकं चित्र कुणी काढलं नव्हतं. आणि त्यावर टाळ्या मोजल्यास. मी तुला कडी काढून दिली, आणि तू त्या दारातून बाहेर जाऊन, मागे जी राहिली तिच्यावर जग हसवलंस. ठाऊक नव्हतं तुला, कबूल. पण ठाऊक नसताना माणूस खरं बोलतो.

भाऊजींना मी कागदावर काढून दिलं. पत्रे, टाकीचा वळसा, हिरवा जिना. तिसरी पायरी हलते हेही सांगितलं. तुझ्या भावाला बरोबर न्या म्हटलं. हात उचलायचा नाही, आवाज चढवायचा नाही, खाली घरमालकिणीसमोर उभं राहून एवढंच म्हणायचं: मी हिचा नवरा. पुढचं सगळं ती आजी करेल. तसंच झालं ना? परत आल्यावर भाऊजी म्हणाले, 'वहिनी, नकाशा अगदी बरोबर होता, एकदाही विचारावं लागलं नाही.' त्या घरात माझ्या कामाचं ते पहिलं कौतुक.

तुझा बोळ मी पक्का केला आहे. शेरा लिहिला: 'प्रत्यक्ष पाहणी झाली. बोळ जागेवर आहे.' तुझे सगळेच्या सगळे रस्ते राहिले आहेत. मी शब्दाला पक्की आहे.

इथे खिडकी आहे, आणि खरंच पाणी दिसतं. हे कामावरून आले की आम्ही दोघं चहाचे कप घेऊन तिथे बसतो. बोलायला फारसं सुचत नाही अजून. येईल. मला चाळिसावं सरलं धाकटे, मी आणखी किती थांबायचं होतं?

कॉम्प्युटर तिथेच ठेवला आहे. कामातून वेळ मिळाला तर काढत जा. तुझी रेघ चांगली येते.

वहिनी


३० ऑगस्ट

तुला वहिनी म्हणवत नाही आणि तुम्हीही म्हणवत नाही. दुसरं काय म्हणायचं ते सुचलं नाही, म्हणून नुसतंच लिहिते.

तू विचारलंस, तसंच झालं ना? तसंच झालं. आजीबाई त्याला म्हणाल्या, बसा, पाणी घ्या. मला म्हणाल्या, रजाई आणून दे खाली. चार लोकांसमोर ती घडी घालून मी त्यांच्या हातात दिली. माझा भाऊ जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर अडखळला आणि तरी हसला. तू लांबून जुळवलंस, पण कुठे दोन हातसुद्धा चुकली नाहीस.

हात उचलायचा नाही, हे त्याने त्या गावात असेपर्यंत पाळलं. घरी आल्यावर तू रिक्षात बसलीस आणि त्याच संध्याकाळी त्याने दार लावलं. या वेळी तर्जनी. उजवी. पेन्सिल बांधायला कुणी नव्हतं, वाकडीच जुळली. सुई तिच्यावाचून धरता येत नाही, ते काम गेलं. हे पत्र डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर ओळखू येणार नाही, म्हणून सांगितलं.

तू म्हणतेस, ठाऊक नसताना माणूस खरं बोलतो. मग हेही ऐक. त्या ओळी लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तू कधीच नव्हतीस. मी स्वतःलाच आठवून लिहिलं होतं. त्या घरात थंड झालेलं मीही शेवटीच जेवत होते. तुझ्या शेजारी बसून. तुला एवढंही आठवलं नाही.

आता सासूबाईंचं. माझा हात त्यांना खुपतो. वाकड्या बोटाने उचलते ना, टोक पाठीत रुततं. रोज थोरलीच्या नावाने गळा काढतात. परवा मला जवळ बोलावून म्हणाल्या, 'तू हवीस कुणाला इथं? थोरलीचा हात मऊ होता. तू गेलीस की तिला यावंच लागेल. मग जा की! मी काय दार धरून बसलेय?' मी म्हटलं, तो सोडणार नाही. तर म्हणाल्या, 'त्याला मी बघते. माझा मुलगा आहे तो, मला ठाऊक आहे त्याला कसा हलवायचा.' आज दुपारी त्यांनी पाठीच्या नावाने जो आकांत केला, शेजारची माणसं गोळा झाली. चार लोकांसमोर त्याला लांबच्या दुकानातलं मलम आणायला जावंच लागलं. मग त्यांनी उशीखालून माझा फोन काढून दिला. तो त्याने त्यांच्याकडेच ठेवला होता. वर म्हणाल्या, 'तिला लिही, यायच्या आधी नखं कापून ये.' लिहिलं.

सासूबाई मला सोडवत नाहीत, तुला परत मागवताहेत. आपल्या दोघींचा भाव त्या घरात एवढाच, कुणाचा हात मऊ.

जायच्या आधी कॉम्प्युटर उघडला. तू घाईत होतीस. ओळंब्याचं खातं आत उघडंच राहिलं होतं. तुझ्या हाताने मी मुंगीचे रस्ते एकेक करून पुसले, आमच्या बोळापासून सुरुवात करून. त्या आजोबांच्या दाराशी आले तेव्हा मात्र रडले. लॅबच्या पोरी आता पुन्हा उन्हात फिरतील. मला येत होतं ते एवढंच, आणि आता मी कुठेही गेले तरी एक रेघ काढणार नाही. चालेन, फोन बंद ठेवून. हे तू माझ्याकडून घेतलंस. बोटापेक्षा हे जास्त आहे.

प्रत्येकाखाली शेरा तुझाच घातला. जागेवर जे नाही ते नकाशावर नाही.

हे पत्र पोचेल तोवर तुला इथून फोन आलेला असेल आणि दादांनी गाडीची वेळ बघितलेली असेल. नाही म्हणून बघ. म्हणता येणार नाही तुला, मी तुला ओळखते. खिडकी नीट लावून घे.

सासूबाईंना डाव्या कुशीवर निजवून निघते आहे. पुढची कूस तुझी.